स्टॅमिना एकोणपन्नास

१७ नोव्हेंबर, सोमवार

एकोणपन्नास! सकाळपासून हा एकच आकडा ऐकतेय. दूध उतू गेलं तरी एकोणपन्नास, गिझर बंद कर म्हटलं तरी एकोणपन्नास!

झालं असं की त्या फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये परवा जुन्या भारतीय खेळाडूंचा एक संच आला. त्यात आमचं ध्यान आहे. वीरधवल नाथाजी बर्गे, मिडफिल्डर, निवृत्त २०१६. आकारामनं — हा याचा गोव्याच्या क्लबातला जोडीदार, आता कोरेगावात खताचं दुकान चालवतो — त्या कार्डाचा फोटो जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर टाकला. एकूण ६१. पास ७८, टॅकल ६६, वेग ५२ आणि स्टॅमिना ४९. खाली आकारामचे शब्द : "गड्या, माझा स्टॅमिना त्रेसष्ट हाय बग!"

"प्रीती, आकाराम हाफटाइमला बिडी वढायचा! त्याला त्रेसष्ट आन मला एकोणपन्नास? शाळेत गणितातसुदीक मला एवढे कमी—" मग थांबला. गणितात याला पस्तीस होते. मार्कलिस्ट मी पाहिलेली आहे.

"कोण हाय ह्यो मार्क देणारा? एकदा गावू दे मला."

मीच आहे. इथे तरी लिहून टाकते.

लॉकडाउनमध्ये कॉलेज बंद होतं, तेव्हा त्या कंपनीला जुन्या सामन्यांची आकडेवारी लावणारी माणसं हवी होती. मी संख्याशास्त्र शिकवते, आणि लग्नाआधीपासून या माणसाचे सामने बघून वह्या भरलेल्या आहेत. त्यांनी मला घेतलं. संपादक क्रमांक ४१! नाव बाहेर फोडायचं नाही, घरीसुद्धा नाही, हा त्यांचा पहिला नियम. नातेवाइकाला मार्क द्यायचे नाहीत, हा दुसरा. पहिला पाळला. दुसरा मोडला. याचं पान मी सोडलं असतं तर कुणीतरी एकही सामना न बघता सगळीकडे ४५ टाकून मोकळा झाला असता.

आणि दिले ते चोख दिले. उलट आपला माणूस म्हणून हात आखडताच ठेवला. पंगतीत वाढणारा घरच्यांना शेवटी वाढतो, तसं. शेवटच्या दोन हंगामांत चौतीस सामने, त्यातल्या एकतीस सामन्यांत साठाव्या मिनिटाला बाहेर, उरलेल्या तिनांत उशिरा आत. अशाला स्टॅमिना काय नव्वद द्यायचा?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तक्रार आली. माझ्याकडेच! या विभागाच्या सगळ्या तक्रारी माझ्याकडेच येतात, हे कालपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

तीन दिवसांत तीन तक्रारी. पहिली इंग्रजीतून, मोबाईलनं भाषांतर केलेली. "रिस्पेक्टेड सर" एवढंच धड होतं. दुसरी हिंदीत. तिसऱ्या वेळी स्वारी मराठीवर आली. "आदरणीय सर, आपण कधी मैदानावर धावला आहात काय?"

मी ठरलेल्या मजकुरातून उत्तर पाठवलं. आपली तक्रार मिळाली, विचाराधीन आहे, सहकार्याबद्दल आभार.

संध्याकाळी त्यानं ते मलाच वाचून दाखवलं. "आईक, आईक काय म्हणतंय. विचाराधीन! ह्यो सर नक्की पुण्याचा असणार. दीडशाना!" मी मान डोलवत पोळ्या लाटत होते. दोन करपल्या.

एवढा हुशार माणूस शाळेत क्रीडाशिक्षक आहे, पोरं जीव टाकतात त्याच्यावर, आणि घरी बसून एका आकड्यापायी डोकं फोडून घेतोय. मी त्याला म्हटलं, "अरे, गेम आहे तो! पोरं अंगठ्यानं खेळतात." तर म्हणतो, "म्हणूनच. आता जी पोरं हायत त्यांनी मला कुठं बघितलंय? त्यांच्यासाठी मी म्हंजी ह्योच." यावर मी उरलेली कणीक रागारागानं फ्रिजमध्ये टाकली.

२३ नोव्हेंबर, रविवार, कोरेगाव

सांगलीहून सासरी आलोय. रहिमतपूरच्या पुढे उसाच्या ट्रॉलीमागे पाऊण तास. कारखाने सुरू झालेत, रस्ता त्यांचाच. गाडीत पाऊण तास एकोणपन्नास.

आबांच्या कानावर आधीच गेलं होतं. आकारामचं दुकान चावडीशेजारी, मग काय! आबा निवृत्त सुभेदार. पडवीत खुर्ची टाकून वाटच बघत होते.

"सूनबाई, ह्ये एकोणपन्नास म्हंजी काय भानगड हाय?"

"शंभरपैकी आहेत, आबा."

"म्हंजी नापास."

"त्यात पास-नापास नसतं हो."

"आगं, आकडा हाय म्हंजी पास-नापास आलंच की! माज्या बापाची, माजी, थोरल्याची, कुनाचीबी क्याटेगरी कवा उतरली न्हाई. आन ह्येची उतरली कुटं, तर गेममदी!"

लष्करात माणूस आजारी पडला की त्याची मेडिकल कॅटेगरी खाली येते, आणि या घरात कॅटेगरी उतरणं म्हणजे तुरुंगात जाऊन आल्यासारखं. इथे कुणालाच काही होत नाही. आबा बीपीच्या गोळ्या तंबाखूच्या चंचीत लपवून ठेवतात. सासूबाईंना वाटतं चुना खातायत. मला ठाऊक आहे, कारण गोळ्या सांगलीहून मीच आणते. काय बोलावं या लोकांपुढे!

वीर खाली मान घालून ऐकत होता. चाळिशीला आलेला माणूस, शाळकरी पोरासारखा. तेवढ्यापुरती दया आली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज वाचले. लॅपटॉपवर त्याचीच पाचवी तक्रार उघडी होती आणि हा मागे येऊन उभा. "दे जरा, व्हिडिओ जोडायचा हाय सरांना." मी झटकन झाकण लावलं. "पेपर आहेत कॉलेजचे, गोपनीय!"

मग त्याच्या मोबाईलवर मीच तो व्हिडिओ कापून दिला. २०१२चा सामना, मधल्या फळीतून सव्वीस पास, एकही चुकलेला नाही. माझ्याच वहीतलं पान शोधून मिनिटं सांगितली. तो पाठवता झाला, मी आतल्या खोलीत जाऊन स्वीकारती झाले. पास ७८चे ८० केले. ते त्याचेच होते.

"बगितलंस? सर हलले!" घरभर नाचला. मग लगेच चेहरा पाडून, "पर स्टॅमिना तिथंच हाय."

मला एकदा ओरडावंसं वाटतं. नीट, खिडक्या उघड्या ठेवून.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

माझीच चूक. सगळी माझीच.

परवा उत्तर देताना कंटाळून ठरलेल्या मजकुरातला सातवा परिच्छेद चिकटवला. "स्टॅमिनाबाबत पुनर्विचारासाठी पूर्ण नव्वद मिनिटे खेळल्याचा दृश्य पुरावा आवश्यक आहे." मला वाटलं, शेवटच्या दोन हंगामांत तसा एकही सामना नाही, आधीच्यांची सलग चित्रफीत कुणाकडे नाही, विषय संपेल.

विषय कसला संपतोय! आज हा उड्या मारतच घरी आला. आकारामशी बोलून घेतलं. कोरेगावच्या मैदानावर १४ डिसेंबरला, रविवारी, जुन्या खेळाडूंचा सामना. पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटं. हा पूर्ण खेळणार, आकारामचा भाचा कोपऱ्यात घड्याळ दिसेल असं चित्रण करणार. "सरांनी पुरावा मागितलाय न्हवं? आता बगाच म्हणावं."

"आणि गुडघा?"

"गुडघ्याला काय हुतंय!"

नऊ वर्षं गुडघ्यानं सगळं अडवलं. गॅसचं सिलिंडर उचलायचं तर गुडघा. महाबळेश्वरला चालायचं तर गुडघा. शाळेत शिट्टी वाजवतो, पोरांबरोबर एक फेरी मारत नाही. आणि आता म्हणे गुडघ्याला काय होतंय! मी सरळ म्हटलं, "आळशी होतास तू, आळशी. आज कळलं." तो हसला आणि बुटांना पॉलिश लावत बसला.

२ डिसेंबर, मंगळवार

सहावी तक्रार. स्टाफरूममध्ये वाचली. जशीच्या तशी इथे उतरवून ठेवते.

"आदरणीय सर, ही तक्रार नाही, माहिती आहे. कृपया फाइलला लावू नये. जानेवारी २०१५ मध्ये क्लबने सगळ्यांची तपासणी केली. माझ्या हृदयाची भिंत जाड निघाली. तिकडचे डॉक्टर म्हणाले, असे खेळाडू मैदानात पडतात, परत उठत नाहीत. खेळ बंद कर. मी हातापाया पडून दोन हंगाम मागून घेतले. कोच म्हणाले, साठ मिनिटे, वर एक मिनिट नाही. ते घड्याळ बघून मला काढायचे. म्हणून सर, ते एकोणपन्नास माझे नाहीत, कोचच्या घड्याळाचे आहेत. घरी गुडघा सांगितला आहे. मिसेसला माहीत नाही. वडिलांना तर सांगायची सोयच नाही, आमच्यात ते चालत नाही. नऊ वर्षांत मी पळालो नाही सर. सुटलेल्या बसमागे पण नाही. आता चौदा तारखेला एकदा नव्वद मिनिटे पळून बघणार आहे. मग व्हायचं ते होईल. हे कुणालातरी सांगावं वाटलं. आपला विश्वासू, वीरधवल बर्गे."

पाचव्या तासाला प्रमाण विचलन शिकवायचं होतं. फळ्यावर सूत्र अर्धं लिहिलं आणि तशीच उभी राहिले. पोरींनी विचारलं, "मॅडम, पुढं?" मी म्हटलं, उद्या.

३ डिसेंबर, बुधवार

नऊ वर्षं मी या माणसाच्या उजव्या गुडघ्याला तेल चोळलं. तिळाचं, मोहरीचं, एकदा औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो तेव्हा तिथल्या कुणीतरी दिलेलं कसलंसं हिरवं. धडधाकट गुडघ्याला! आणि हा डोळे मिटून पडायचा. "वाईच खाली, हां, तितंच." तितंच काय? तिथे काहीच नव्हतं!

इतका राग आलाय की लिहिताना कागद फाटतोय. आणि रागाच्या खाली भीती आहे. खूप भीती वाटतेय मला. काल रात्रभर त्याचा श्वास ऐकत होते. घोरत होता, मजेत.

सांगून टाकावं? पण नऊ वर्षांत ज्या एका माणसाजवळ तो मोकळं बोलला, ते हे सर. ते सर म्हणजे बायको, हे कळलं तर पुन्हा जन्मात कुणाजवळ बोलायचा नाही. आणि ईर्ष्येनं खेळेल ते वेगळंच. बर्गे आहेत. नाही म्हटलं की तेच करायचं!

सरांनीच काहीतरी केलं पाहिजे.

५ डिसेंबर, शुक्रवार

केलं. स्टॅमिना ४९चा ८४. उत्तर लिहिलं, "आपण दिलेल्या माहितीचा विचार करून गुणांकन सुधारले आहे. आता पुराव्याची गरज नाही. आपण प्रकृती जपावी." नियम गेला खड्ड्यात. २०१४पर्यंतच्या माझ्या वह्या पुन्हा काढून बघितल्या, चौऱ्याऐंशी कमीच आहेत. म्हणजे खोटंही केलेलं नाही. उशिरा केलंय.

संध्याकाळी स्वारी पेढे घेऊन आली. मलाच पेढा, मलाच बातमी! "चौऱ्याऐंशी! सर लय मोठ्या मनाचा माणूस हाय, प्रीती. मी उगीच पुण्याचा म्हटलं."

मी म्हटलं, "झालं ना मग? आता चौदा तारखेचं रद्द कर."

"रद्द? आगं, त्या माणसानं पुरावा न बगता माज्या शब्दावर दिलं. आता तर खेळलंच पायजे. त्याचा शब्द खाली पडू द्यायचा का?"

डोकं आपटायला भिंत शोधत होते.

६ डिसेंबर, शनिवार

सरांचं नवं पत्र : "निवृत्त खेळाडूंच्या संचातील व्यक्तीने सामना खेळल्यास तिचे नाव संचातून वगळले जाते." असा नियम कुठेच नाही. मी सकाळी चहा गाळताना केला.

त्याचं उत्तर अर्ध्या तासात : "सर, मग नाव काढा. माझी हरकत नाही. गेमपेक्षा एकदा पळायचं आहे."

आता याला काय म्हणावं? तीन आठवडे त्या कार्डासाठी घर डोक्यावर घेतलं आणि आता म्हणतो, काढा!

८ डिसेंबर, सोमवार

सांगितलं.

आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो, माझ्या माहेरची जैनांची सवय, त्याला आता अंगवळणी पडलीय. साडेपाचला ताटं मांडली. तो नव्या मोज्यांबद्दल बोलत होता. मी म्हटलं, "वीर, सर मी आहे."

"कोण सर?"

"तुझे सर. संपादक क्रमांक एक्केचाळीस."

तो हसला. मला वाटलं, त्याला खरंच गंमत वाटली. मग मी म्हटलं, "सुटलेल्या बसमागे पण नाही." घास तोंडात तसाच राहिला.

मी सगळ्याची तयारी ठेवली होती. रडेल, ओरडेल, आबांना सांगू नकोस म्हणेल. तो म्हणाला, "म्हंजी एकोणपन्नास... तू दिलंस?"

"वीर, तुझ्या काळजाला आजार आहे, तू नऊ वर्षं माझ्यापासून—"

"तू दिलंस? आन आकारामला त्रेसष्ट? त्या बिडीवाल्याला?"

"तो नव्वद मिनिटं मैदानात असायचा! मला काय माहीत तुझा कोच घड्याळ बघत होता! सांगितलंस का कधी? गुडघा म्हणालास! मी तेल चोळत बसले मूर्खासारखी!"

"मला वाटायचं सांगावं. मग तू तेल घेऊन बसायचीस. बरं वाटायचं."

त्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारच्यांनी टीव्ही बारीक केला एवढं कळलं.

तो चपला घालून खाली गेला. मी गॅलरीतून बघत होते. बागेला चार फेऱ्या मारल्या. चालतच. एकदासुद्धा पळाला नाही, आणि ते बघूनच मला रडू आलं.

९ डिसेंबर, मंगळवार

बोलणं बंद. डबा न बोलता नेला. दुपारी पोर्टलवर तक्रार क्रमांक आठ :

"आदरणीय सर, आजची आमटी : मीठ ३०, तिखट ४१. संपादकांचे घरात लक्ष नाही. पुनर्विचार व्हावा."

वर्गात हसले. पोरींना वाटलं, मॅडमना काहीतरी झालंय.

१० डिसेंबर, बुधवार

घरात दोघं, आणि बोलणं सगळं पोर्टलवरून. तो हॉलमध्ये, मी स्वयंपाकघरात. कंपनीनं हे कधी वाचलं तर दोघांनाही काढतील.

मी : "आमटीबाबत पुरावा तपासला, तक्रार मान्य. आपल्या हृदयाबाबत मात्र ताजा पुरावा हवा. शुक्रवार, सकाळी दहा, विश्रामबागेतले हृदयरोगतज्ज्ञ. नाव नोंदवले आहे."

तो : "सर, दहा वर्षांपूर्वीचा पुरावा असताना ताजा कशाला?"

मी : "दहा वर्षांत एकदाही दुसऱ्या डॉक्टरला का दाखवले नाही, याचा खुलासा करावा."

आमटीला उकळी आली. मग : "दुसरा पण तेच म्हणाला असता तर, म्हणून. एकाच्या बोलण्यात थोडी आशा राहते."

मी गॅस बंद केला आणि बाहेर जाऊन त्याच्या शेजारी बसले. तो मोबाईलकडेच बघत होता. पुन्हा टाइप केलं, माझ्यासमोर : "अहवाल खराब आला तर वडिलांना कळणार का?"

मी माझ्या मोबाईलवर : "नाही. नियम पहिला."

"मान्य. पण चांगला आला तर रविवारी खेळणार."

"चांगला आला तर मीच बुटाच्या नाड्या बांधीन."

"प्रीती," तो मोठ्यानं म्हणाला, दोन दिवसांनी पहिल्यांदा, "लय भ्या वाटतंय गं."

मी म्हटलं, मलाही.

११ डिसेंबर, गुरुवार

कपाटावरच्या बुटांच्या खोक्यातून त्यानं जुना अहवाल काढून दिला. नऊ वर्षं मी त्या खोक्यावरची धूळ पुसतेय!

१२ डिसेंबर, शुक्रवार, सकाळी

दवाखान्यात बाकावर बसून लिहितेय. पर्समध्ये वही टाकून आणली, नाहीतर हातांना काय काम द्यायचं!

सकाळी आबांचा फोन. वीरनं स्पीकरवर टाकला. "रवारी मी येतूय मैदानावर. बाजारात सांगितलंय समद्यास्नी. चौऱ्याऐंशी म्हंजी आता पास, न्हवं?" वीर म्हणाला, "व्हय आबा, पास." आबा कोरेगावच्या बाजारात सांगत सुटलेत आणि आम्ही इथे पाय हलवत बसलोय. याला आज खेळायचं नाही सांगितलं, तर रविवारी आबांना काय सांगणार? पुन्हा गुडघा? आता तर मी जन्मभर तेल चोळायला तयार आहे. गुडघ्याला, कोपराला, म्हणशील तिथे.

आधी छातीवर चिकटपट्ट्या लावून यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर पळवलं. काचेतून दिसत होतं. सुरुवातीला जनावर बुजावं तसा पाय टाकत होता. मग पट्टा वेगात आला आणि याची पाठ सरळ झाली, हात सुटले. मी त्याला नऊ वर्षांनी पळताना बघितलं. तिथली परिचारिका म्हणाली, "ह्यांना थांबवू का? बारा मिनिटं झाली. एवढं कुणी पळत नाही." मी काचेला नाक लावून बघतच राहिले.

आता आत सोनोग्राफी चाललीय, हृदयाची. डॉक्टरांनी जुना अहवाल मागून घेतला. दार लावलंय. माझ्या शेजारी एक म्हातारे आजोबा बसलेत, त्यांनी विचारलं, "कुनाचं हाय?" मी म्हटलं, आमच्या ह्यांचं. "वय?" एकोणचाळीस. त्यांनी चक् केलं. मला त्यांचा इतका राग आला की उठून दुसऱ्या बाकावर बसले.

मला बोलावतायत.

१२ डिसेंबर, दुपारी बारा

काही नाही. त्याला काहीही झालेलं नाही.

डॉक्टरांनी दोन्ही अहवाल शेजारी ठेवून दाखवले. तेव्हा भिंत चौदा मिलिमीटर, आता दहा. "आजार असता तर असा उतरला नसता, मॅडम. हे फार पळणाऱ्या माणसाचं हृदय होतं. दम दांडगा, म्हणून भिंत जाड. पळणं थांबलं, पूर्ववत झाली. तेव्हाच तीन महिने विश्रांती देऊन पुन्हा तपासलं असतं तर कळलं असतं. हा माणूस आणखी पाच-सहा वर्षं आरामात खेळला असता."

तो आत शर्ट घालतोय. त्याला एवढंच कळलंय की अहवाल चांगला आहे. दाराच्या फटीतून हात वर करून विचारतोय, रविवारी खेळू का?

मी मान हलवली, हो. पुढचं कसं सांगू?